लेबर रूममध्ये डोळ्यांपुढे अंधारी येते तेव्हा



आपल्या वसतिगृहात राहून एएनएमचे शिक्षण घेणारी मोखाडा तालुक्यातील एक मुलगी गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, मी घरी जाते. मला हे जमायचं नाही." तिच्या लेबर रूमच्या ड्यूटीचा तो तिसराच दिवस होता. सकाळी आयुष्यातले पहिले बाळंतपण उभ्याने पाहत असताना तिला दरदरून घाम फुटला, कानांत शिट्टी वाजू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती भिंतीला घासत खाली बसली. भिंतीकडे गेली हे तिचे नशीब, कारण दुसऱ्या बाजूला निर्जंतुक सामानाची ट्रॉली होती. टेबलावर कळा सोसत असलेल्या बाईनेच मान वळवून विचारले, "पोरीला काय झालं? बघा ना कुणीतरी."

चक्कर आली याचे त्या मुलीला फारसे वाईट वाटले नव्हते. जिची सेवा करायची तिलाच आपली काळजी करावी लागली, हे तिच्या मनाला लागले होते.

तिची परवानगी घेऊन हे लिहीत आहे. नाव आणि गाव मुद्दामच देत नाही. तिच्यासारख्या मुली आपल्याकडे दरवर्षी येतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी या भागांतून काही, आरेच्या आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांवरून काही. त्यांच्या फीसाठी आणि पुस्तकांसाठी मंडळीतील अनेकजण हातभार लावतात. पण लेबर रूमच्या दाराआड त्यांचे काय होते हे आपल्याला ठाऊक नसते, आणि शिक्षण अर्धवट सोडून एखादी परत गेली की "मुलगी टिकली नाही" एवढेच आपण म्हणतो. म्हणून या वेळचा अभ्यासलेख या विषयावर.

मी तीस वर्षांहून अधिक काळ परिचारिकांना शिकवले. माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी मी स्वतः सरळ आडवी झाले होते, आणि मी ट्रॉली सोडली नव्हती. किडनी ट्रे, कात्र्या, चिमटे, सगळे माझ्याबरोबर खाली. तेव्हाच्या सिस्टरने शुद्धीवर येताच मला सर्वांसमोर विचारले, "लग्नाला आलीस का इथे?" पुढचे दोन आठवडे मी लेबर रूमच्या वासानेही घाबरत होते. त्या रागावण्याचा मला काहीही उपयोग झाला नाही, एवढे मात्र नक्की सांगते.

आता मुळाशी जाऊ. मळमळणे आणि चक्कर येऊन पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींवरचा उपायही वेगळा आहे. आपण सगळे त्यांना एकाच पिशवीत टाकतो.

मळमळ बहुधा वासाने सुरू होते. पाणमोट फुटल्यावर येणारा कोमट वास, रक्ताचा लोखंडी वास, कळा देताना बाईला होणारी शी, त्यावर फिनाईल आणि स्पिरिट. बंद खोली, तोंडावर मास्क, अंगावर प्लॅस्टिकचा एप्रन. उमासा येतो, तोंडाला पाणी सुटते, पण माणूस शुद्धीवर असतो. यावर साधे उपाय चालतात. रिकाम्या पोटी जायचे नाही, गच्च पोटानेही नाही. तोंडाने श्वास घ्यायचा. आल्याचा तुकडा किंवा वेलदोडा आधी चघळायचा. काही मुली मास्कच्या आत विक्स लावतात. कुणाला त्याचा फायदा होतो, कुणाला त्यामुळेच जास्त मळमळते. मी त्याची शिफारस करत नाही, अडवतही नाही. तीन-चार ड्यूट्यांनंतर नाक त्या वासांना सरावते.

चक्कर येणे हा प्रकार वेगळा आहे. भीती वाटली की आपले हृदय जोरात धडधडते आणि रक्तदाब वाढतो. साप पाहिला तर आपण पळतो, बेशुद्ध पडत नाही. पण रक्त, जखम, कापणे हे पाहिल्यावर काही माणसांच्या शरीरात उलटी क्रिया होते. आधी नाडी वेगाने चालते, मग एकदम मंदावते, पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली साचते, मेंदूला कमी पडते आणि माणूस कोसळतो. आडवा झाला की मेंदूला रक्त पोहोचते आणि मिनिटाभरात डोळे उघडतात. पुष्कळदा हे घराण्यात चालत आलेले असते. आईला किंवा भावाला सुई टोचताना चक्कर येते का, असे विचारले तर बऱ्याच मुली हो म्हणतात. याचा मनाच्या कच्चेपणाशी संबंध नाही. चार्ल्स डार्विन एडिंबरोला वैद्यकी शिकायला गेला होता. क्लोरोफॉर्म यायला अजून वीसेक वर्षे होती. दोन शस्त्रक्रिया पाहिल्या, त्यांतली एक लहान मुलावरची, आणि त्या संपण्याआधीच तो बाहेर पळाला. पुढे त्याने वैद्यकीही सोडली. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही.

आता नेहमी दिला जाणारा सल्ला पाहा. "घाबरू नको, लांब श्वास घे, अंग सैल सोड." परीक्षेच्या भीतीसाठी हे उत्तम आहे. पण जिचा रक्तदाब आधीच घसरतो आहे तिने अंग सैल सोडले तर ती लवकर पडेल. स्वीडनमधील उप्साला येथील मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1987 मध्ये याच्या नेमकी उलट पद्धत मांडली. अंग सैल सोडायचे नाही, ताणायचे. हात, पाय आणि पोटाचे स्नायू एकदम घट्ट आवळायचे, दहा ते पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटू लागेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद सोडायचे, पण पूर्ण ढिले नाही, नेहमीच्या बसण्याइतके. असे पाच वेळा. श्वास रोखायचा नाही. स्नायू आवळले की रक्त वर ढकलले जाते आणि दाब टिकतो. हे आठवडाभर रोज खुर्चीत बसून करायचे, म्हणजे वेळ आली की शरीराला आठवते. लेबर रूममध्ये उभ्या-उभ्या करायचे असेल तर पायावर पाय आडवा टाकून मांड्या आवळाव्यात आणि एप्रनखाली मुठी घट्ट कराव्यात. कुणाला कळतही नाही.

गुडघे मागे कडक करून ताठ उभे राहणे सर्वांत वाईट. शिस्तीच्या नावाखाली आम्ही मुलींना तसेच उभे करत आलो. अधूनमधून टाचा उचलाव्यात, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यावे. आणि कानांत शिट्टी सुरू झालीच तर दाराकडे धावू नये. बऱ्याच मुली दारापर्यंत पोहोचण्याआधीच पडतात आणि डोके फोडून घेतात. जिथे आहोत तिथेच, ट्रॉलीपासून दूर, खाली बसावे, डोके गुडघ्यांत घालावे आणि स्पष्ट म्हणावे, "सिस्टर, मी बसते." हे तीन शब्द मी पहिल्या दिवशी वर्गात सर्वांकडून मोठ्याने म्हणवून घेत असे. मुली हसत. पण आदिवासी भागातून आलेल्या मुलीला शहरातल्या सिस्टरसमोर तोंड उघडणे हेच किती अवघड असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचे कारण कळेल.

आता आपल्या मोखाड्याच्या मुलीकडे येते. मी तिला विचारले, "गावाकडे शेळी वितांना पाहिलीस का?" ती म्हणाली, "पाहिलीस काय, पिल्लू ओढून काढलंय." "कोंबडी?" "ती तर मीच कापते." मग इथेच काय झाले? तिचे उत्तर मी वर्गात पुढे अनेकदा सांगितले. "तिथं हात चालू असतात, मावशी. इथं नुसतं बघायचं."

हे तिने अगदी बरोबर ओळखले होते. नव्या विद्यार्थिनीला आपण कोपऱ्यात उभे करतो आणि "नीट बघ" म्हणतो. हात मोकळे, पाय गोठलेले, नजर एकाच जागी. चक्कर येण्यासाठी याहून अनुकूल स्थिती नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. घरी बाळंतपण होत असे तेव्हा दाई आईकडे बघे आणि आरोग्यदूत बाळाकडे. तिला तिचे स्वतःचे काम ठरवून दिलेले होते: बाळ रडले का, श्वास घेते का, पुसले का, वजन किती. 39 गावांतल्या या कामाचा अहवाल 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. त्या स्त्रियांपैकी अनेकजणी जेमतेम शाळा शिकलेल्या होत्या. त्यांना भोवळ आली का, हा प्रश्न त्या अहवालात नाही. पण काम वाटून देण्याची ती रीत मला शिकवताना फार उपयोगी पडली.

म्हणून पहिल्या दिवशी मुलीला बाईच्या पायांकडे उभे करू नये. डोक्याकडे उभे करावे. बाईचा हात धरायचा, कपाळ पुसायचे, कळ ओसरली की पाण्याचा घोट द्यायचा, तिच्या भाषेत बोलायचे. वारली बोलणारी बाई शहरातल्या दवाखान्यात आली आणि उशाशी तिची भाषा बोलणारी मुलगी असली तर काय फरक पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. प्रसूतीच्या वेळी बाईला हवी ती सोबतीण जवळ असावी असे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. आपल्या सरकारच्या 2017 च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सन्मानाने वागवण्यावर भर आहे. नातेवाईक बाई आत येऊ शकत नसेल तेव्हा विद्यार्थिनी ती जागा थोडीफार भरून काढू शकते. आणि तिथून तिला जे दिसते ते आधी एक माणूस म्हणून दिसते, रक्त नंतर.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी घड्याळाचे काम द्यावे: जन्माची वेळ मिनिटासह नोंदवायची. मग बाळाचे: कोरड्या, उबदार कापडाने पुसायचे, श्वास पाहायचा. बाळंतपणानंतर हातमोजे घालून वार तपासायला द्यावी. सुमारे अर्धा किलो वजनाची, एका बाजूने मांसल, दुसऱ्या बाजूने गुळगुळीत चकचकीत. नाळेत दोन रोहिण्या आणि एक नीला, असे मोजून दाखवायचे. लांबून जी वस्तू बघवत नाही ती हातात घेऊन तुकडा राहिला आहे का हे शोधताना मुली किळस विसरतात. तुकडा आत राहिला तर आईला रक्तस्राव होतो, हे तिला माहीत असते ना.

काही गोष्टी आधी सांगितल्या नाहीत तर धक्का बसतो. बाळाचे डोके लांबुळके आणि चेंगरल्यासारखे दिसते, कारण कवटीची हाडे एकमेकांवर सरकतात. एक-दोन दिवसांत आकार नीट होतो. बाळ जन्मतः निळसर असते, अंगावर पांढरा चिकट थर असतो, आणि रडण्याआधी काही क्षण शांतता असते. त्या शांततेत नवी मुलगी हमखास हादरते. हात-पाय तर नंतर काही तास निळसर राहू शकतात. एपिसिओटॉमीचा, म्हणजे योनीमार्गाच्या तोंडाशी दिलेल्या छेदाचा, कात्रीचा आवाज अनेकींना सहन होत नाही. माझ्या काळी पहिलटकरणीला तो सरसकट देत. आता सरसकट देऊ नये अशीच सूचना आहे. त्या आवाजाने ज्या मुली डोळे मिटत होत्या त्यांचे काही फार चुकत नव्हते, असे मला आज वाटते.

रक्ताबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण बहुतेक चकरा तिथेच येतात. गरोदरपणात बाईच्या शरीरातले रक्त जवळपास दीडपट होते. निसर्ग आधीच तरतूद करून ठेवतो. साध्या बाळंतपणात अर्ध्या लीटरपर्यंत रक्त जाऊ शकते. 500 मिलिलिटरच्या वर गेले की तो प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, तिथून धावपळ. बाळ जन्मताच मिनिटभरात ऑक्सिटोसिनचे 10 युनिटचे इंजेक्शन आईला देतात ते हा धोका टाळण्यासाठी. पण 250 मिलिलिटर रक्त पांढऱ्या चादरीवर पसरले तर कसे दिसते? मुलींना तो खाटिकखाना वाटतो.

यावर आम्ही एक खेळ करतो. आपल्या मंडळीच्या हॉलमध्ये फरशीवर जुनी पांढरी चादर पसरायची. बीट उकळून केलेले लाल पाणी मोजपात्राने ओतायचे, एका चादरीवर 100, दुसरीवर 250, तिसरीवर 500 मिलिलिटर. मुलींनी अंदाज कागदावर लिहायचा. पहिल्या खेपेला बहुतेकींचे अंदाज भलतीकडेच जातात. चार-पाच वेळा केल्यावर नजर बसते. मग लेबर रूममध्ये तीच मुलगी लाल रंग बघून "बाप रे" न म्हणता "दोनशेच्या आसपास" असे मनात म्हणते, आणि जिचे डोके मोजण्यात गुंतले आहे तिला चक्कर कमी येते. गेल्या वेळी आपल्या महिला मंडळातील दोन भगिनी हे पाहायला बसल्या होत्या. त्यांतली एक तिसऱ्या चादरीला उठून बाहेर गेली. बीटच होते, तरी!

आता या गोष्टीतला तो भाग, जो मला आधी सुचायला हवा होता आणि सुचला नाही. स्नायू आवळणे, उशाशी उभे राहणे, सगळे शिकवूनही मोखाड्याच्या मुलीला आठवड्याने पुन्हा अंधारी आली. या वेळी समोर रक्त नव्हते. ती नुसती जिना चढत होती. मग आम्ही तिचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन 8.9 निघाले. स्त्रीसाठी ते 12 च्या वर हवे. इतके दिवस मी तिच्या मनावर काम करत बसले होते आणि दोष होता ताटात. आदिवासी भागातल्या मुलींमध्ये पंडुरोग फार, आणि पालघरकडच्या काही समाजांत सिकलसेलचा वारसाही आढळतो. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. सिकलसेल असताना नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही, म्हणून ती तपासणीही करून घेतली. सुदैवाने ती नव्हती. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, हे तिनेच मला पुस्तकातून वाचून दाखवले.

आणि तिची सकाळ कशी जात होती तेही तेव्हाच कळले. ड्यूटी सातची. बोरिवलीहून पहाटेची लोकल, दरवाज्यापाशी चेंगरून उभे, मग बस. वसतिगृहातला नाश्ता तयार होतो सातला. म्हणजे ती आदल्या रात्रीच्या आठच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही न खाता, पाणीही न पिता उभी राहत होती. पाणी का नाही? कारण वाटेत स्वच्छतागृह सापडत नाही. मुंबईत कामावर जाणाऱ्या कोणत्याही बाईला हे समजावून सांगावे लागणार नाही. वसतिगृहाच्या समितीवर मी स्वतः आहे. नाश्त्याची वेळ आम्हीच ठरवली होती.

सगळ्याच मुलींचे कारण असे हाताला लागत नाही. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी होती, तिला कधी चक्कर आली नाही, मळमळलेही नाही. ती फक्त दगडासारखी उभी राही आणि विचारलेले तिला ऐकूच येत नसे. सर्वांना वाटले, धीट आहे. पुष्कळ दिवसांनी कळले की तिची आई धाकट्या भावाच्या वेळी दवाखान्याच्या वाटेवर गेली होती आणि ती त्या जीपमध्ये होती. तिथे स्नायू आवळून काय होणार? तिला आम्ही काही महिने बाळंतिणींच्या वॉर्डात आणि लसीकरणाला ठेवले, समुपदेशकाकडे पाठवले. ती एक वर्ष मागे पडली. पण आली परत. अशा वेळी एकटीला बाजूला घेऊन विचारावे, घाई करू नये आणि वर्ष वाया गेले असे तिच्या देणगीदारांनीही म्हणू नये, अशी माझी विनंती आहे.

बायबल अभ्यास गटात कुणीतरी विचारेल म्हणून जाता जाता सांगते. निर्गमच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींची नावे लिहून ठेवलेली आहेत, आणि त्यांना हुकूम सोडणाऱ्या फारोचे नाव मात्र तिथे नाही. पहिल्या दिवशी त्यांचेही पाय लटपटले असतील का, याचा मी पुष्कळदा विचार करते.

मोखाड्याच्या मुलीचे हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी 11.2 झाले. केस-बुकात तिने स्वतःच्या हाताने केलेली अकरा बाळंतपणे नोंदवली गेली आहेत. अधूनमधून पायावर पाय टाकून उभी असलेली दिसते, तेव्हा मी काही बोलत नाही. मागच्या आठवड्यात एक नवी मुलगी तिच्या शेजारी पांढरीफटक पडली, तेव्हा हिनेच तिला खांदा धरून खाली बसवले आणि स्वतः बाळाकडे वळली.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आता पहाटे पावणेपाचला गॅस पेटतो. लेबर रूमच्या ड्यूटीवर जाणाऱ्या मुलींना चहा, एक केळे, दोन चपात्या आणि गूळ-शेंगदाण्याचा लाडू बरोबर मिळतो. हे काम मंडळीतील भगिनी पाळीपाळीने करतात. मंगळवार आणि शुक्रवार या दोन दिवसांसाठी अजून कुणी मिळालेले नाही.